मिस टॅमरच्या किनाऱ्यावरचं तिसरं झाड

हिलरॉय जार्विस एकतीस वर्षं टॅक्सी चालवत होता, पण त्याला टॅक्सीवाला म्हटलेलं खपत नसे. रस्ते काय, चार फेऱ्या मारल्या की कोणालाही पाठ होतात, असं तो म्हणायचा. आपला धंदा किनारा निवडून देण्याचा. अँटिग्वावर वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक किनारा आहे असं आम्ही सगळेच पाहुण्यांना सांगतो. मोजायला कोण गेलं होतं ते देव जाणे. पण जहाजातून सकाळी आठला उतरलेल्या आणि साडेचारला परत चढायचं असलेल्या माणसाला त्यातला एकच मिळणार असतो, आणि तो चुकला तर त्याच्या आठवणीत आमचं अख्खं बेट चुकतं. हिलरॉयला या गोष्टीचं फार वाटायचं.

जहाजाच्या दिवशी तो पहाटे साडेचारला उठून स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करायचा. बायकोच्या, आयोनीच्या इस्त्रीवर त्याचा विश्वास नव्हता. मग खिशावर एक्केचाळीस नंबरचा पितळी बिल्ला लावायचा, रुमालाने दोनदा पुसायचा आणि पांढरी व्हॅन घेऊन धक्क्यावरच्या रांगेत उभा राहायचा. रांग व्हर्नेलच्या ताब्यात. हातात नंबरांच्या यादीचा पुठ्ठा, कानाला फोन आणि जिभेला हाड नाही, अशी ती बाई. हिलरॉयपेक्षा वीस वर्षांनी लहान, त्याला अंकल म्हणायची आणि त्याची टर उडवायची संधी सोडायची नाही. पण एखादं अवघड गिऱ्हाईक आलं, कुठे जायचं ते ज्याला स्वतःलाच कळत नाही असं, की रांग मोडून हाक मारायची ती एक्केचाळीस नंबरलाच. इतर ड्रायव्हर कुरकुरायचे. ती म्हणायची, तुम्ही यांना वाळू दाखवाल, अंकल किनारा दाखवतील.

हिलरॉय व्हॅनचं दार उघडण्याआधी तीन प्रश्न विचारायचा. पहिला, समुद्र पाहायचा आहे की समुद्रात उतरायचं आहे? दुसरा, तुमच्यातलं सावलीत बसून राहणारं कोण? तिसरा, जहाज किती वाजता सुटतं? लोक हसायचे. छापील नकाशावर बोट ठेवून म्हणायचे, आम्हाला हा प्रसिद्ध किनारा हवा. तो नकाशाकडे ढुंकूनही बघत नसे. त्या किनाऱ्यावर आज तीन जहाजांची माणसं असतील, वारा पूर्वेचा असेल तर तिकडे तांबडं शेवाळ गुडघाभर साचून कुजत असेल, उत्तरेकडून लाट आली असेल तर पोरं उभी राहू शकणार नाहीत. हे नकाशाला थोडंच ठाऊक असतं. एकदा लीड्सच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं, पाहायचा आहे. त्याने त्यांना किनाऱ्यावर नेलंच नाही. एका कड्यावर खुर्ची मांडून दिली आणि तीन तास तोंडातून शब्द काढला नाही. त्या बाईंचं नाताळाचं कार्ड अजून दरवर्षी येतं.

असा हा माणूस, आणि त्याचे डोळे चालले होते.

सुरुवात कधी झाली ते त्यालाही नक्की सांगता आलं नसतं. क्रिकेटच्या मैदानात त्याला चेंडू दिसेनासा झाला तेव्हा त्याने खापर फलंदाजांवर फोडलं. हल्लीच्या पोरांना टप्पाच कळत नाही म्हणाला, आणि सामने रेडिओवर ऐकायला लागला. धक्क्यावरच्या डॉमिनोच्या अड्ड्यावर तो सोंगट्यांवरचे ठिपके अंगठ्याने चाचपू लागला. मंडळींना वाटलं ही त्याची नवी ऐट आहे, दोघांनी तर ती उचललीसुद्धा. घरी कपात चहा ओतताना तो काठाशी बोट धरू लागला. आयोनीने ते पहिल्याच दिवशी पाहिलं. त्या दिवसापासून चहा ती स्वतः ओतायला लागली.

दवाखान्यातल्या नर्सने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की काचबिंदू आहे, दोन्ही बाजूंनी नजर आक्रसत येणार, गेलेली परत येत नाही, उरलेली टिकवायची तर थेंब रोज घालायचे. आणि गाडी, मिस्टर जार्विस, गाडी सोडायची. थेंब त्याने घातले. गाडीचं वाक्य त्याने त्या खोलीतच सोडलं. घरी आल्यावर आयोनीला म्हणाला, वय झालंय म्हणाली, आणखी काय म्हणणार.

तो वाईट माणूस नव्हता हे मी छातीठोकपणे सांगेन. पण भला माणूसही स्वतःला फसवू लागला की त्याच्यापुढे भले भले लफंगे हात टेकतील. हिलरॉयचं म्हणणं असं की आपण डोळ्यांनी कधी गाडी चालवलीच नाही. रस्ता त्याच्या अंगात होता. चर्चनंतर चौथं वळण, शाळेच्या भिंतीपाशी खड्डा, आंब्याच्या झाडाखाली शेळ्या. किनारेही तसेच त्याने मोजून ठेवले होते. वाटेच्या टोकापासून अमुक पावलं, अमुक झाड. पूर्वी जहाजाच्या दिवशी तो पहाटे टेकडीवर चढून दोन्हीकडचं पाणी पाहून यायचा. आता ते काम आयोनी करायची, न सांगता. चर्चमधल्या चार बायकांबरोबर ती रोज उजाडता गावाखालच्या समुद्रात डुंबायला जायची. आमच्याकडच्या जुन्या बायका जातातच, सांध्यांना बरं असतं. परतताना ती टेकडीवरून यायची, आणि केस पुसता पुसता सहज बोलल्यासारखं सांगायची की पूर्वेला शेवाळ आहे, उत्तरेला लाट आहे. तोही सहज ऐकल्यासारखं करायचा. दोघांनी मिळून हे नाटक दोन वर्षं वठवलं.

मनातून त्याला सगळं कळत होतं. एके दिवशी एक शेळी त्याला दिसली नव्हती, ती स्वतःच्या नशिबाने वाचली. त्या संध्याकाळी तो व्हॅनमध्येच बसून राहिला आणि बिल्ला काढून मांडीवर ठेवला. हा दिला की आपण कोण? साठी उलटलेला, रेडिओ ऐकत ओसरीवर बसलेला एक म्हातारा. आणि नाही दिला तर पुढची शेळी नसेल. इतकं स्वच्छ त्याला त्या संध्याकाळी कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी जहाज होतं, आणि त्याने शर्टाला इस्त्री केली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी धक्क्याला दोन जहाजं लागली. आयोनी ओल्या केसांनी स्वयंपाकघरात आली. पूर्वेला घाण आहे म्हणाली, उत्तरेला लाट आहे, दक्षिणेकडून वारा नाही, पण तिकडे ढग आहेत. मग तिने खारवलेल्या माशाची बशी त्याच्यापुढे ठेवली, आणि बशीवरचा हात काढला नाही.

"हिलरॉय, आज जाऊ नकोस."

"का? सणवार आहे का काही?"

"तुला माहीत आहे का ते. माझ्याकडून वदवून घेऊ नकोस."

त्याने बशी ओढून घेतली आणि मासा संपवला. जाताना तिने त्याची कॉलर सरळ केली, जी सरळच होती.

धक्क्यावर दहाच्या सुमाराला व्हर्नेलने हाक मारली. अंकल, तुमच्या मापाचं गिऱ्हाईक आहे, या. कॅनडाचं एक जोडपं होतं. नवरा जोएल, उंच, उन्हाने आधीच लाल झालेला. बायको मारेन, बारीक आवाजाची, आणि तिच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी, टिल्डा. त्यांना नकाशावरचा प्रसिद्ध किनारा हवा होता. व्हर्नेल त्यांना म्हणाली, या अंकलना विचारा, ते सांगतील तिथे जा, आणि परत आल्यावर माझे आभार माना.

हिलरॉयने आपले तीन प्रश्न विचारले. नवरा म्हणाला मला उतरायचं आहे. बायको म्हणाली मी सावलीत बसेन, ही झोपेल, हिला ऊन सोसत नाही. जहाज साडेचारला. झालं, हिलरॉयच्या डोक्यात उत्तर तयार. पूर्व नको, उत्तर नको, पश्चिमेचे मोठे किनारे आज दोन्ही जहाजांनी भरलेले. राहिला मिस टॅमरचा किनारा. नैर्ऋत्येला, कच्च्या वाटेच्या टोकाशी, पाटी नाही, टपरी नाही, पाणी हौदासारखं शांत, आणि झाडं थेट वाळूपर्यंत आलेली. निवड अगदी बिनचूक होती. ती मी आजही बिनचूकच म्हणेन.

झाडांचं मात्र सांगायला हवं. आमच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं एक झाड असतं. दाट सावलीचं, गोंडस, छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी फळं येणारं. त्याचा चीक लागला की कातडी भाजून निघते, आणि पाऊस पडताना त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून ठिबकणारं पाणीही भाजतं. इथल्या कुठल्याही पोराला चालायच्या आधी ते झाड दाखवतात. पाहुण्यांना काय माहीत. म्हणून दर नोव्हेंबरात, जहाजं सुरू व्हायच्या आधी, टॅक्सीवाले वेगवेगळे किनारे वाटून घेतात आणि प्रत्येक मँचिनीलच्या खोडाला लाल रंगाचा पट्टा मारतात. मिस टॅमरचा किनारा सतरा वर्षं हिलरॉयकडे होता. वाटेच्या टोकाला पहिलं बदामाचं झाड, दुसरा माड, तिसरं समुद्रद्राक्षाचं, पसरट पानांचं, गार सावलीचं, माणसांना बसवायचं. चौथं मँचिनील. गेल्या नोव्हेंबरातही त्याने खोडाला हात लावून, जुन्या रंगाची कड चाचपून, नवा पट्टा मारला होता.

जानेवारीत मोठ्या लाटा आल्या होत्या. त्यांनी बदामाच्या झाडाखालची वाळू खाल्ली आणि झाड पडलं. जवळच्या गावातल्या लोकांनी दोन दिवसांत ते तोडून कोळशासाठी नेलं. धक्क्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरने येता जाता ते पाहिलं असेल. पण जे सगळ्यांना दिसतं ते कोण कोणाला सांगत बसतो?

हिलरॉयने दोन घडीच्या खुर्च्या काखेत मारल्या आणि वाळूत उतरला. समोर पाण्यावरची चकाकी, झाडांखाली काळोख. त्याच्या नजरेला दोन्ही सारखेच निरुपयोगी. त्याने झाडं मोजली. एक, दोन, तीन. तिसऱ्याखाली खुर्च्या उघडल्या, चटई अंथरली, पायाने वाळू सारखी केली. पायाखाली काहीतरी फुटलं, त्याला वाटलं द्राक्षाची वाळकी पानं. मारेनने बाळाला चटईवर ठेवलं आणि म्हणाली किती सुंदर जागा आहे. तो खूश झाला. हे वाक्य ऐकायला तर तो एकतीस वर्षं इस्त्री करत होता. मग वर जाऊन व्हॅनमध्ये बसला, रेडिओ लावला.

तासाभराने पाऊस आला. आमच्याकडचा, पाच मिनिटांचा, ऊन असताना येणारा. टपावर थेंब वाजू लागले तेव्हा हिलरॉयच्या मनात आलं, बरं झालं, दाट झाडाखाली बसवलंय. हे त्याने मला स्वतः सांगितलं.

पाऊस थांबल्यावर थोड्या वेळाने मारेन वाट चढून आली. एका हाताने बाळ धरलेलं, दुसरा हात स्वतःच्या पाठीकडे वळवू पाहणारा. जोएल मागून टॉवेल घेऊन धावत होता. पाठ जळतेय म्हणाली, माशी चावली का काही. पाऊस आला तसं बाळाला अंगाखाली घेऊन मी ओणवी बसले होते, म्हणून ती कोरडी राहिली. फक्त एक पाय बाहेर होता. तो बघा ना, लाल झालाय.

हिलरॉयने पाय बघितला नाही. बघून काय दिसणार होतं? वास मात्र आला, हिरवट, कडसर. तो पळत वाळूत उतरला, त्या वयात, बूट घालून, आणि तिसऱ्या झाडाच्या खोडावर दोन्ही हात ठेवले. छातीच्या उंचीला त्याच्या बोटांना कड लागली. सतरा थरांच्या रंगाची जाड, गुळगुळीत कड. त्याच्या हातचीच. त्याने ती बोटाने खोडाभोवती पूर्ण फिरून पाहिली, जसं काही कुठेतरी ती संपेल.

ती संपली नाही.

त्यानंतर तो चुकला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पाहुण्यांचे पाय धुवायला व्हॅनमध्ये पाण्याचा मोठा कॅन असायचा, साबण असायचा. त्याने कोणाला काही चोळू दिलं नाही, समुद्राकडे जाऊ दिलं नाही, गोड्या पाण्याने पाठ आणि तो इवलासा पाय धुवायला लावला, पुन्हा धुवायला लावला. डोळ्यांना हात लावू नका म्हणाला. जवळच्या गावात दवाखाना होता, दहा मिनिटांच्या वाटेवर. जोएलने बायकोला आणि बाळाला मागे बसवलं आणि ओरडला, चला, काय बघताय. हिलरॉय व्हॅनच्या उजव्या दारापाशी गेला, चालकाच्या. दार उघडलं. किल्ली हातात होती. मागे ते बाळ रडत होतं, आता थांबून थांबून, दमल्यासारखं.

त्याने किल्ली जोएलपुढे धरली.

"तुम्ही चालवा. मला दिसत नाही."

जोएलला कळेचना. काय दिसत नाही?

"रस्ता दिसत नाही. ते झाडही दिसलं नाही. त्याच्यावर खूण होती, मीच मारलेली. डोळे गेलेत माझे. दोन वर्षं झाली."

दोन वर्षांत हे शब्द त्याने पहिल्यांदा तोंडाबाहेर काढले, आणि तेही बायकोपाशी नाही, परक्या देशातल्या माणसापाशी. जोएलने शिवी दिली नाही. त्याला वेळ नव्हता. आयुष्यात त्याने कधी रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवली नव्हती. कच्च्या वाटेवरून वर येताच त्याने गाडी सवयीने उजवीकडे घातली, आणि हिलरॉय शेजारून म्हणाला, डावीकडे, डावीकडेच राहा. मग दहा मिनिटं असं चाललं की ज्याला दिसत होतं त्याला रस्ता ठाऊक नव्हता आणि ज्याला ठाऊक होता त्याला दिसत नव्हता. आता चर्च येईल, मग चौथं वळण, तिथे हॉर्न. शाळेच्या भिंतीपाशी खड्डा आहे, हळू. आंब्याखाली शेळ्या असतील, बघा, आहेत का? आहेत, जोएल म्हणाला. मागे मारेन बाळाला गाणं म्हणत होती, दात घट्ट मिटून, ओळी अर्ध्या गिळत.

दवाखान्यातल्या नर्सने पाठ पाहिली आणि हिलरॉयकडे एकदाच मान वळवली. हे कशाने भाजलं, ते इथल्या कोणाला विचारावं लागत नाही. तिने मलम लावलं, गोळ्या दिल्या, फोड येतील म्हणाली, दोन आठवड्यांत जातील, बाळाचा पाय लवकर बरा होईल. डोळ्यांत गेलं नाही हे नशीब. तोंडात गेलं असतं तर, असं म्हणून तिने वाक्य तिथेच टाकलं. चटईवर ती फळं पडलेली होती, आणि दहा महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. हिलरॉय बाकावर बसून ते न बोललेलं वाक्य पुरं करत राहिला. अजूनही करतो.

धक्क्यापर्यंत जोएलनेच चालवलं. साडेतीनला व्हॅन रांगेजवळ आली तेव्हा व्हर्नेलने पाहिलं की चालकाच्या जागी पाहुणा आहे आणि एक्केचाळीस नंबर शेजारी मांडीवर हात ठेवून बसलाय. तिच्या जिभेवर टोमणा आला असणार, तो तिने गिळला. सगळी रांग बघत होती. हिलरॉयला चेहरे दिसले नाहीत, पण डॉमिनोच्या अड्ड्यावर सोंगट्या आपटायच्या थांबल्या तेवढं ऐकू आलं.

तो उतरून मारेनपुढे उभा राहिला. माफी मागायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"तो लाल पट्टा मी पाहिला होता. वाटलं तुमची खूण असेल, तुमच्या पाहुण्यांना बसवायची जागा. तुम्ही बसवलंत म्हणून मी बसले."

"हो."

"सकाळी सांगितलं असतंत तर आम्ही दुसऱ्या गाडीने गेलो असतो. एवढंच होतं."

ती रागावून बोलली नाही, रागावली असती तर त्याला सोसलं असतं. जोएलने किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि तिघं जहाजाकडे गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तिने का म्हणावं? मलाही तिच्या जागी म्हणवलं नसतं.

हिलरॉयने बिल्ला काढला. पिन बोटात टोचली, तरी काढला, किल्ली व्हर्नेलच्या पुठ्ठ्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी बिल्ला. ती म्हणाली, अंकल, उद्या बोलू, आज डोकं ठिकाणावर नाही तुमचं. तो म्हणाला, पोरी, आजच ठिकाणावर आलंय. आणि त्या झाडापाशी कोणालातरी आजच्या आज पाठव, ती फळं उचलून पुरायला सांग. बदाम पडलाय तिथला. तुम्ही कोणी मला सांगितलं नाहीत, पण तुमची चूक नाही.

घरी तो गावच्या बसने आला. आयोनी दारात होती. गावात बातमी बसच्या आधी पोहोचते. तिने चहा ओतला. तो म्हणाला, मला दिसत नाही गं. ती म्हणाली, माहीत आहे. मग मात्र तीच रडू लागली, कारण दोन वर्षं शेवाळ आणि लाटा तीच सांगत आली होती, आणि त्या सकाळी तिने बशी धरली तशी किल्ली धरली असती तर. तो तिला नाही म्हणाला, तुझा काय दोष. पण तिचा थोडा होता, आणि तो तिने स्वतःकडे ठेवला.

पुढचा महिना तो ओसरीवर बसला. व्हर्नेलचे फोन यायचे, रांगेत वाद झाला म्हणून, कोणी अवघड गिऱ्हाईक आलं म्हणून. सुरुवातीला तो फोन घेत नसे. मग एकदा घेतला, आणि रेडिओ बंद करून म्हणाला, आधी त्यांना विचार, सावलीत बसणारं कोण आहे. असेल तर मिस टॅमरकडे पाठवू नकोस. कुठेही पाठव, तिकडे नको. पट्टा ताजा आहे अंकल, व्हर्नेल म्हणाली, आम्ही दोनदा मारला. असू दे, तो म्हणाला.

एका पहाटे आयोनी टॉवेल खांद्यावर टाकून निघाली होती. जहाजाचा दिवस होता. हिलरॉय सवयीने उठून इस्त्रीपाशी उभा होता, इस्त्री करायला शर्ट नव्हता, नुसताच उभा. ती उंबऱ्यातून परत आली. चर्चमधल्या बायका फाटकाशी थांबल्या होत्या, त्यांना तिने पुढे जायला सांगितलं. मग नवऱ्यापुढे उभी राहिली आणि त्याच्याच धंद्याच्या आवाजात, अगदी सरळ तोंडाने विचारलं.

"काय मिस्टर जार्विस, समुद्र पाहायचा आहे की उतरायचं आहे?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. किनाऱ्यावर तो रोज जायचा, इस्त्रीच्या शर्टात, बुटांत, वाळूच्या अलीकडे उभा राहायचा. पाण्यात शेवटचा कधी गेला होता ते त्याला आठवेना.

"उतरायचं आहे," तो म्हणाला.

तिने त्याचा हात धरला. फाटकापासून पावलं मोजायला त्याने सुरुवात केली, सातव्या पावलाला तिने ओळखलं आणि म्हणाली, मोजू नकोस, मी आहे. त्याने मोजणं सोडलं. पुढची वाट तो तिच्या हाताने चालला.